आईच्या आमवाताबद्दल

व्हँकुव्हर

ती. दादास,
शि. सा. न.

आमवाताने (रुमेटॉइड आर्थ्रायटिसने) माणूस लवकर जातो, असं कुणीतरी आईच्या देखत बोलून गेलं, हे वाचून फार वाईट वाटलं. खरं काय ते लिहितो. पूर्वी जात असे. आता ते अंतर बरंच कमी झालंय.

इथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातच त्याचा हिशेब मांडला गेला. १९९६ ते २००० दरम्यान ज्यांना आमवात जडला, त्यांच्यात पहिल्या पाच वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त होतं. २००१ ते २००६ मध्ये आजार सुरू झालेल्यांत हा फरक उरलाच नाही. ब्रिटनमध्येही तो उतरला, पण पुरता मिटला नाही. आणि पाच वर्षांचा हिशेब म्हणजे जन्माची हमी नव्हे.

माझ्या मते फरक पडला तो औषध वेळेवर सुरू झाल्याने. आधी लोक वेदनाशामकांवर वर्षं काढायचे, बोटं वाकडी झाली की मग खरं औषध. अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला या आजारासाठी १९८८ मध्ये मान्यता मिळाली, १९९८ पासून बायोलॉजिक (सूज पेटवणारे रेणूच अडवणारी) इंजेक्शनं आली, आणि सूज उतरेपर्यंत औषध वाढवत नेण्याची पद्धत रुळली.

सांध्यांनी सहसा कुणी दगावत नाही. दगावतात ते हृदयाने, जंतुसंसर्गाने, फुप्फुसाने. अंगातली सूज रक्तवाहिन्यांनाही धरते, त्यामुळे हृदयविकाराचा धोका साधारण दीडपट होतो. म्हणून आईचं बीपी आणि साखर पाहत जा. कोलेस्टेरॉल मात्र सांधे शांत असताना तपासा. आजार भडकलेला असला की ते खोटं कमी दिसतं. छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. जिना चढताना नवीनच दम लागला किंवा दरदरून घाम फुटला, तर ‘वाताचंच असेल’ म्हणून घरी बसू नका.

आता मेथोट्रेक्सेट. माझा जीव इथेच अडकलाय. तिच्या कागदावर १५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे २.५ च्या सहा गोळ्या, आठवड्यातून एकदाच. बाकीच्या गोळ्या रोजच्या, त्यामुळे हात आपोआप हिच्याकडेही रोज जातो. तसं झालं तर काही दिवसांतच रक्त तयार होणं थांबतं: तोंड येतं, ताप चढतो, अंगावर निळे डाग उठतात, जीवही जाऊ शकतो. वार बुधवारच ठेवा. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार आई कधी विसरत नाही. फॉलिक अ‍ॅसिड, म्हणजे मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी करणारं जीवनसत्त्व, शुक्रवारी. मेथोट्रेक्सेटची डबी वेगळी, रोजच्या डब्यात ती मिसळायचीच नाही. औषधाच्या दुकानातून पाकीट आणलंस की गोळ्यांच्या पट्टीवरचा मिलिग्रॅमचा आकडा वाच. २.५ ऐवजी ७.५ ची गोळी मिळाली आणि सवयीने सहा मोजल्या, तर एका बुधवारी ४५ मिलिग्रॅम पोटात जाईल.

रक्तपेशींची मोजणी (सीबीसी), लिव्हर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) सुरुवातीचे तीन महिने दर २ ते ४ आठवड्यांनी, मग दर २–३ महिन्यांनी. लघवीच्या जळजळीवर कुणी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर आधी मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं सांग. ही जोडी घातक आहे. कडक ताप आला की त्या आठवड्याची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन कर.

स्टेरॉइड जितकं कमी आणि जितके कमी दिवस तितकं बरं, पण एकदम बंद करू नका. आणि नाव-घटक न लिहिलेल्या ‘गुणकारी’ पुड्या घरात नकोत. दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं, कारण त्यांत कित्येकदा स्टेरॉइडच असतं. पुडी थांबली की बीपी घसरतं, चालू राहिली तर हाडं ठिसूळ होतात आणि संसर्ग बळावतो.

फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकोकसचीही (न्यूमोनियाच्या जंतूवरची) घ्या. सिंहस्थाची गर्दी सुरू व्हायच्या आत उरकलंत तर उत्तम. पुढे बायोलॉजिकचा विषय निघालाच, तर आधी टीबीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे. आपल्याकडे लपलेला टीबी अनेकांच्या अंगात असतो, तो या इंजेक्शनांनी जागा होतो.

परवाच्या रिपोर्टचा फोटो पाठव, आणि गोळ्यांच्या पट्टीचाही, आकडा दिसेल असा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ