काकूंची सोनोग्राफी कशासाठी?

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

काकूंच्या नाकपुडीजवळच्या गाठीचा बायोप्सी अहवाल ‘बेसल सेल कार्सिनोमा’ (त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार) असा आलेला असताना आणि शस्त्रक्रियाही ठरलेली असताना आता ही सोनोग्राफी कशासाठी, ही तुझी शंका रास्त आहे. बायोप्सीमुळे गाठ कोणत्या जातीची आहे हे नक्की झाले. पण ती कातडीखाली किती खोल गेली आहे, हे त्या एवढ्याशा तुकड्यावरून सांगता येईलच असे नाही. नाकपुडीजवळ कातडीखाली कूर्चा (नाकाला आकार देणारे लवचिक, मऊ हाड) अगदी जवळ असते. गाठ कूर्चेपर्यंत पोहोचली असेल, तर कूर्चेचा भागही काढून नाकाची पुनर्रचना करावी लागते आणि त्याची तयारी सर्जनने आधीच केलेली बरी.

पोटाच्या सोनोग्राफीत अंगावर फिरवतात तो प्रोब (ध्वनिलहरी सोडणारे हातातले उपकरण) इथे निरुपयोगी आहे. ध्वनिलहरींची वारंवारता जितकी जास्त, तितके बारकावे स्पष्ट दिसतात, मात्र लहरी खोलवर जात नाहीत. २० मेगाहर्ट्झच्या लहरी जेमतेम सेंटिमीटरभर आत जातात, आणि त्वचेला तेवढे पुरते. आम्ही गाठीवर जेलचा जाड थर देतो आणि प्रोब अलगद धरतो, कारण किंचित दाब पडला तरी गाठ चपटी होते आणि बारीक रक्तवाहिन्या मिटून डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) दिसेनाशा होतात. पडद्यावर उजळ त्वचेच्या मध्ये गाठ काळपट दिसते आणि बेसल सेल कार्सिनोमात तिच्या पोटात पुष्कळदा पांढरे ठिपके असतात. असे ठिपके खूप असले, तर गाठ अधिक चिवट जातीची असण्याचा संशय घ्यावा लागतो.

या तपासणीवर सगळी भिस्त मात्र ठेवू नकोस. गाठीखालची सूजही काळपटच दिसत असल्याने जाडी कधी कधी खरीपेक्षा जास्त मोजली जाते, आणि कडेने गेलेले पेशींचे बारीक धागे तर दिसतच नाहीत. गाठ पूर्ण निघाली की नाही, हे काढलेल्या भागाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरते. मेलानोमा या त्वचेच्या दुसऱ्या, अधिक घातक कर्करोगात जाडीचे मोल याहून मोठे, कारण भोवतालची निरोगी कातडी १ सेंटिमीटर काढायची की २, हे तिच्यावर ठरते. पण काकूंना तो आजार नाही, तेव्हा ती काळजी नको.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना त्वचेसाठीच्या प्रोबविषयी आधीच विचारून घे आणि अहवालात गाठीची खोली व कूर्चेची स्थिती स्पष्ट लिहायला सांग. अहवाल आला की मला पाठव. मग तुमच्या सर्जनशी मी स्वतः बोलेन.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विनायक