लाल अक्ष कुठे वळवायचा हे दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'ताई' लिहितो. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. तुम्ही समजावलंत ते आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपवाल्या कितीतरी जणांच्या उपयोगाचं आहे, आणि मराठीत ते कुणी असं उलगडून सांगितलेलं माझ्या तरी पाहण्यात नव्हतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडा संदर्भ देतो. सांगलीजवळ कुपवाडला आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. एका ग्राहकाच्या डिझायनरकडून बेडरूमच्या कामाची स्केचअप फाइल, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलं त्रिमितीय मॉडेल, आली. चित्र देखणं होतं, मापंही बरोबर होती. पण स्केचअपला जोडायच्या ओपनकटलिस्ट या सॉफ्टवेअरमधून कटलिस्ट, म्हणजे कापायच्या तुकड्यांची मापांसकट यादी, काढली तर तिच्यावरून एक तुकडा कापायची सोय नव्हती. ड्रॉवरच्या दर्शनी फळ्या व्हिनियरवर (शीटवर चिकटवलेल्या खऱ्या लाकडाच्या पातळ थरावर) आडव्या मांडलेल्या, आणि बाकाच्या तिरप्या आधारपट्ट्या चक्क चौरस फळ्या म्हणून आलेल्या. ओळखीतून तुमचा नंबर मिळाला. ना देणं ना घेणं, तरी तुम्ही नाशिकहून स्क्रीन बघत माझ्याबरोबर बसलात.

फाइल दुरुस्त करून पाठवली असतीत तरी मी उपकारच मानले असते. तुम्ही ते केलं नाहीत, सगळं माझ्याच हातून करून घेतलंत. स्केचअपमध्ये स्वतंत्र तुकडा म्हणून बांधलेल्या भागाला कॉम्पोनंट म्हणतात, आणि प्रत्येकाला दिशा दाखवणारे स्वतःचे तीन अक्ष असतात. आधी 'मॉडेल इन्फो'मध्ये कॉम्पोनंट्सखाली हे अक्ष दाखवायची खूण करायला लावलीत. त्यासरशी प्रत्येक तुकड्यावर लाल, हिरव्या, निळ्या रेघा उमटल्या आणि घोळ उघडा पडला. कुठल्या शटरचा लाल अक्ष भिंतीत घुसलेला, तर कुठल्या फळीचा निळा छताकडे. लाल म्हणजे लांबी, हिरवा म्हणजे रुंदी, निळा म्हणजे जाडी, हे मला ऐकून माहीत होतं. त्यापुढे तुम्ही जे सांगितलंत ते नवीन होतं : मोठं माप ते लांबी असं धरून चालू नका, लाकडाच्या रेषा जिकडे जातात तिकडे लाल अक्ष गेला पाहिजे.

ड्रॉवरचंच घ्या. एकावर एक तीन ड्रॉवर, प्रत्येकाची दर्शनी फळी ४५० मिमी रुंद आणि २०० मिमी उंच. ग्राहकाला व्हिनियरच्या रेषा खालपासून वरपर्यंत सलग उभ्या हव्यात. म्हणजे या फळीची लांबी २०० आणि रुंदी ४५०. सॉफ्टवेअरचं आपोआप दिशा ठरवण्याचं सेटिंग चालू असलं की ते तीन मापं लहान-मोठी लावतं आणि सगळ्यात मोठ्या मापाला लांबी म्हणतं. मग ४५० ची बाजू २४४० × १२२० च्या शीटवर लांबीच्या दिशेने पडते आणि तिन्ही ड्रॉवरवर रेषा आडव्या येतात. एवढ्या महागाचं व्हिनियर एकदा कापलं की कापलं. अशा तुकड्यांना दिशा अक्षावर पक्की करून ठेवायची, हे तुम्ही तिथल्या तिथे करून घेतलंत.

सागवानात तर प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. ओलं सागवान पूर्ण सुकेपर्यंत वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेत साधारण ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे साधारण २.५ टक्के आकसतं. रेषांच्या दिशेने मात्र ही घट बहुतेक लाकडांत ०.१ ते ०.२ टक्क्यांच्या आसपासच असते. चौकटीत बसवायच्या फळीला हलायला जागा कुठल्या बाजूला सोडायची हे त्यावर ठरतं. तेव्हा कटलिस्टमध्ये 'लांबी' या रकान्यात काय आलंय यावर पुढे दार अडकणार की नाही हे अवलंबून आहे. हे तुम्ही सांगत होतात तेव्हा आमचे मिस्त्री मागे उभे राहून ऐकत होते. फळी हातात आली की ते आधी रेषा बघतात, पेन्सिलीने बाण काढतात आणि चांगल्या तोंडावर खूण करतात. लाल अक्ष म्हणजे आपला बाणच की, असं ते पटकन बोलून गेले. इतकी वर्षं कॉम्प्युटरपासून चार हात लांब राहणारा हा माणूस आता मॉडेल उघडलं की शेजारी खुर्ची ओढून बसतो. याचं श्रेय तुमचं आहे.

आधारपट्टीचा हिशेब तर मी कागदावर जपून ठेवलाय. पट्टी ७०० लांब, ५० रुंद, २५ जाड, ४५ अंशात बसवलेली. ती जागेवरच तिरपी काढून कॉम्पोनंट केली, तर अक्ष खोलीच्या भिंतींप्रमाणे सरळ राहतात आणि पट्टी त्यांच्यात तिरपी पडते. सॉफ्टवेअर माप घेतं ते अक्षांना समांतर अशा खोक्याचं, आणि ते खोकं भरतं ५३० × ५३० × २५. एका पट्टीमागे जवळपास आठपट लाकूड! सागवान आपण घनफुटावर घेतो. अशा पट्ट्यांच्या भरवशावर कोटेशन दिलं तर ग्राहक आल्यापावली परत जाईल. आपोआपचं सेटिंग इथे काहीच करू शकत नाही, कारण ते फक्त तीन मापांची अदलाबदल करतं, तिरपा अक्ष सरळ करत नाही.

उपाय तुम्ही सांगितलात तो तीन क्लिकचा. कॉम्पोनंटवर उजवं क्लिक करून 'चेंज अॅक्सेस' निवडायचं. पहिलं क्लिक पट्टीच्या कोपऱ्यावर, दुसरं लांबीच्या कडेवर लाल अक्षासाठी, तिसरं रुंदीच्या कडेवर हिरव्यासाठी. निळा आपोआप ठरतो. पट्टी जागची हलत नाही, आणि त्या कॉम्पोनंटच्या जितक्या प्रती मॉडेलमध्ये आहेत त्या सगळ्या एका झटक्यात सुधारतात. कटलिस्ट पुन्हा काढली तेव्हा ७०० × ५० × २५ दिसलं आणि मिस्त्रींनी टाळी वाजवली.

पण मला सगळ्यात मोलाची वाटली ती तुम्ही जाता जाता सांगितलेली गोष्ट. तुकडा सरळ काढायचा, लगेच कॉम्पोनंट करायचा आणि मग बाहेरून फिरवायचा, म्हणजे अक्ष त्याच्याबरोबर फिरतात. कॉम्पोनंटच्या आत शिरून फिरवलं तर लाकूड फिरतं आणि अक्ष तिथेच राहतात. माझ्या मते स्केचअपमध्ये फर्निचर काढायला शिकवणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच तासाला हे सांगायला हवं. आमच्याकडे शिकणाऱ्या दोन्ही मुलांना आता मी इथूनच सुरुवात करून देतो.

ओपनकटलिस्ट फ्रान्समधल्या सुतारकाम करणाऱ्यांच्या समुदायातून आलं आणि ते सगळ्यांसाठी फुकट आहे, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. मग तिथल्या त्या अनोळखी मंडळींनाही इथूनच नमस्कार.

ताई, काम बसवून झालं. ड्रॉवरच्या रेषा खालपासून वरपर्यंत सलग आहेत, फोटो तुम्हाला वेगळा पाठवतो. तुम्ही सांगितलेलं सगळं मी मराठीत दोन पानांवर उतरवलंय. सवडीने नजर घाला आणि कुठे अडखळायला होतंय ते कळवा, म्हणजे दुरुस्त करून बाकीच्या वर्कशॉपवाल्यांना देता येईल. सांगलीकडे येणं झालं तर कुपवाडला नक्की या. शटरच्या कोपऱ्यातल्या जोडाबद्दल मिस्त्रींना तुमच्याशी बोलायचंय.

आपला,
कुपवाडचा एक फर्निचरवाला