विषय: तीन नंबरचा ईजीटी प्रोब आणि तुमचा ‘फुल रिच’ सल्ला

सेवा विभाग प्रमुख यांस,

चौथा फोन आत्ता ठेवला आणि लगेच लिहायला बसलो.

तुमचा इंजिन मॉनिटर विमानात बसवून सात महिने झाले. चिपीहून कोल्हापूरला जाताना ५,५०० फुटांवर, ६५ टक्के पॉवरला मिक्श्चर लीन करत, म्हणजे हवेत मिसळणारं पेट्रोल कमी करत आणलं की तीन नंबर सिलिंडरचा ईजीटी, म्हणजे धुराचं तापमान, मध्येच शंभर डिग्री फॅरनहाइट उडी मारतो आणि परत खाली बसतो. सीएचटी, म्हणजे सिलिंडर हेडचं तापमान, जागचं हलत नाही, इंजिनाला थरथर नाही. आमच्या इंजिनिअरने दोन आणि तीनचे प्रोब आपसांत बदलले, तर उड्या दोन नंबरवर गेल्या. म्हणजे दोष प्रोबमध्येच, हे तुम्हाला सांगायला नको.

आता आजचा फोन. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, “सर, १४०० दिसतंय ना? नॉर्मल आहे.” म्हटलं, आकड्याशी मला देणंघेणं नाही, लीन करताना कुठला सिलिंडर आधी पीकला, म्हणजे त्याच्या कमाल ईजीटीला, येतो ते हवंय. तुमच्याच मॅन्युअलमध्ये आहे. मग पाच मिनिटं सनई ऐकवली. परत आले ते म्हणाले, “सर, मिक्श्चर फुल रिचच ठेवा ना. लीन केलंच नाही तर प्रॉब्लेम येणारच नाही.”

वा! लीन करण्यासाठी घेतलेलं यंत्र लीन न केल्यास उत्तम चालतं. ताशी सात-आठ लिटर जादा १०० एलएल, म्हणजे शिसं असलेलं विमानाचं पेट्रोल, जळेल आणि प्लगमध्ये शिशाचे खडे धरतील, ते बिल कुणाच्या नावे पाठवू? वर पुन्हा, “पण सर, कोकणात विमान असतं?” असतं. चिपीच्या सड्यावर २०२१ पासून विमानतळ आहे. मी होडीला ईजीटी लावलेला नाही.

शेवटी काय, तर म्हणे प्रोब खाऱ्या हवेने गंजला आणि तो गंज वॉरंटीत बसत नाही. कनेक्टरचे फोटो तीनदा पाठवले, गंजाचा ठिपका दाखवा. चौदाशे डिग्रीच्या धुरात तोंड घालून बसणाऱ्या प्रोबला मालवणचा वारा बाधतो? बिलावर ‘सिंधुदुर्ग’ लिहिताना समुद्र तिथेच होता.

पंधरा दिवसांत नवा प्रोब आला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात भेटू. दोन मित्रांना तुमचाच मॉनिटर घ्या म्हणून मीच सांगितलं होतं, त्याची आता लाज वाटते.

आणि फोन केलात तर लीनिंग म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या माणसाला करायला सांगा. फुल रिच ऐकायला मी फोन उचलणार नाही.

— एक ग्राहक, मालवण