घरातल्या गोळीचा हिशेब मांडणाऱ्या डॉ. स्मिता भाटिया यांना

आदरणीय डॉ. स्मिता भाटिया यांना,

सप्रेम नमस्कार.

लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या मुलांचं पुढे काय होतं, याचा शोध तुम्ही अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात, बर्मिंगहॅमला, घेत आहात. आम्ही ठाणे आणि नवी मुंबईत अशाच मुलांच्या घरच्यांना औषधं, रिपोर्ट आणि फॉलोअप यांत मदत करतो. आभार तुमचे मानायचे आहेत, तरी पत्र मराठीत लिहितो आहोत. ते कशासाठी मानतो आहोत हे कळव्यापासून कामोठ्यापर्यंतच्या आईवडिलांनाही समजायला हवं.

सगळ्यात आधी सिक्स एमपीच्या (मर्काप्टोप्युरिन या औषधाच्या) गोळीबद्दल. एएलएल हा मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर. त्याच्या उपचारांचे सुरुवातीचे अवघड महिने हॉस्पिटलच्या नजरेखाली जातात. मग मेंटेनन्स, म्हणजे आजार पुन्हा येऊ नये म्हणूनचा लांबचा उपचार, सुरू होतो. तो दीड-दोन वर्षं चालतो आणि बहुतेक सगळा घरातच होतो: रोज सिक्स एमपी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं दुसरं औषध. तोवर केस परत आलेले असतात, मूल शाळेत जायला लागलेलं असतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘आता चांगला खेळतोय की, मग रोज कशाला ते कडक औषध?’ तुम्ही नेमका हाच काळ तपासायला घेतलात. प्रत्येक वेळी उघडल्याची तारीख आणि वेळ आपोआप नोंदवणारं झाकण गोळ्यांच्या बाटलीला लावलंत. २०१२ साली ३२७ मुलांच्या नोंदींवरून तुम्ही दाखवलंत की ठरलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी पोटात गेल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. २०१५ मध्ये ७४२ मुलांच्या अभ्यासात हा धोका २.७ पट निघाला.

९५ टक्के म्हटलं की बरीच सूट आहे असं वाटतं. पण तीस दिवसांच्या महिन्यात एक दिवस चुकला तर ९६.७ टक्के होतात आणि दोन चुकले की ९३.३. म्हणजे महिन्याला दोनच दिवस! हा हिशेब आम्ही प्रत्येक घरी कागदावर करून दाखवतो. तुमच्याच गटाने पुढे हेही दाखवलं की घरचे सांगतात त्या आणि झाकणाने नोंदवलेल्या गोळ्यांत फरक पडतो, आणि सांगितलेला आकडा बहुधा जास्त असतो. त्यात खोटेपणा असतो असं आम्हाला वाटत नाही. दमलेल्या माणसाला कालचा दिवस आणि परवाचा दिवस वेगळा आठवत नाही. म्हणून ‘रोज देता ना?’ असं विचारण्यापेक्षा उरलेल्या गोळ्या मोजाव्यात, हे आम्ही तुमच्या कामातून शिकलो.

चुका कुठे होतात, तेही सांगायला हवं. मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग ०.८ चौरस मीटर आणि डोस दर चौरस मीटरला ७५ मि.ग्रॅ. धरला तर रोजचे ६० मि.ग्रॅ. होतात, आठवड्याचे ४२०. गोळी मात्र ५० मि.ग्रॅ.ची. मग डॉक्टर चार दिवस एक आणि तीन दिवस दीड असं लिहून देतात. बेरीज ४२५ होते, म्हणजे जवळपास बरोबर. पण घरी ‘आज एक की दीड?’ हा घोळ रोजचाच. त्यावर उपाय साधा आहे: दीडचे वार कायमचे ठरवायचे, समजा सोमवार, बुधवार, शुक्रवार, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिनाभराचे आधीच लिहून ठेवायचे. गोळी दिली की लगेच खूण करायची, रात्री आठवून नव्हे. अर्धी गोळी करताना हातमोजे घालायचे, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने या गोळीला हात लावायचा नाही. एक दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायची नाही. उलटी झाली तर पुन्हा द्यायची की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. गणपतीला गावी जाताना आठवडाभराच्या जास्तीच्या गोळ्या बरोबर हव्यातच. गावातल्या मेडिकलमध्ये त्या मिळतील असं धरून चालता येत नाही.

मेथोट्रेक्सेटची चूक याहून घातक. ती आठवड्यातून एकदाच. दर चौरस मीटरला २० मि.ग्रॅ. धरले तर याच मुलाला १६ मि.ग्रॅ., म्हणजे अडीच मि.ग्रॅ.च्या सहा किंवा साडेसहा गोळ्या, त्याही एकाच दिवशी. सिक्स एमपी रोज आहे म्हणून हीसुद्धा कुणी रोज दिली, तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कोसळतात आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ एवढंच पुरत नाही, वाराचं नाव लिहून घ्यावं. दुसऱ्या कुणा डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिड कमी करणारं औषध) सुरू केलं तर कॅन्सरच्या डॉक्टरांना आधी सांगावं. त्यामुळे सिक्स एमपीचं विघटन अडतं आणि तोच डोस कितीतरी जड पडतो.

गोळी रात्रीच, उपाशीपोटी आणि दुधाशिवाय द्यायची, या जुन्या नियमाने अनेक घरांत रोज रात्री रडारड व्हायची. २०१७ मध्ये तुमच्या गटाने ४४१ मुलांमध्ये तपासून सांगितलं की या सवयींचा आजार उलटण्याशी संबंध दिसत नाही. वेळ रोज बदलत राहिली, तर मात्र गोळ्या चुकण्याचं प्रमाण वाढतं. त्या निबंधाच्या पहिल्या लेखिका वेंडी लँडियर मूळच्या नर्स आहेत, आणि त्यांनी विचारलेला प्रश्न घराघरांतला आहे. त्यांचेही मनापासून आभार. आता आपल्या डॉक्टरांना विचारून घराला झेपेल अशी एकच वेळ ठरवायची आणि ती मोडायची नाही, एवढंच आम्ही सांगतो.

काही मुलांच्या रक्तपेशी नेहमीच्याच डोसवर फार खाली जातात आणि घरच्यांना वाटतं आपलंच काही चुकलं. २०१५ च्या ज्या संशोधनात तुमचा सहभाग होता, त्यात यामागे एनयूडीटी१५ या जनुकातला बदल असू शकतो हे दिसलं. आशियाई वंशाच्या मुलांत तो जास्त आढळतो. त्यांना डोस कमी लागतो. त्या आईवडिलांच्या मनावरचं केवढं ओझं उतरलं असेल!

दुसरे आभार कागदासाठी. बऱ्या झालेल्या मुलांना पुढे कोणत्या तपासण्या लागतात, याच्या मार्गदर्शक सूचना अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपने २००३ मध्ये काढल्या आणि त्या घडवण्यात तुम्ही होतात. आपल्याकडे परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे, तरी वीस वर्षांची झालेली पुष्कळ मुलं फाइल घरी कुठे आहे हेही सांगू शकत नाहीत. फाइल जाडजूड असते, पण हवं असतं एकच पान: आजाराचं नाव, सुरुवात आणि शेवट, प्रत्येक औषधाचा एकूण डोस, किरणोत्सर्ग (रेडिएशनचा उपचार) कुठे आणि किती ग्रे (त्याचं माप), किती वेळा रक्त चढवलं. डॉक्सोरुबिसिन आणि डॉनोरुबिसिन या हृदयाला त्रास देऊ शकणाऱ्या औषधांची, डॉक्सोरुबिसिनच्या मापात केलेली, बेरीज दर चौरस मीटरला २५० मि.ग्रॅ. किंवा जास्त असेल तर हृदयाचा एको (सोनोग्राफी) साधारण दर दोन वर्षांनी, १०० ते २५० असेल तर पाच वर्षांनी. छातीला किरणोत्सर्ग मिळाला असेल तर हिशेब बदलतो. विशिष्ट जनुकरचनेच्या मुलांना २५० च्या आतही धोका असतो, हे तुमच्या गटाच्या सीबीआर३ या जनुकावरच्या कामातून कळलं. म्हणून ‘डोस कमीच होता’ असं म्हणून पान हरवू देता येत नाही. मुलगी गरोदर राहिली की एको पुन्हा हवा, आणि तेव्हा हे पान प्रसूतीच्या डॉक्टरांच्या हातात असायला हवं.

उपचारांमुळेच होणाऱ्या रक्ताच्या आजारांवरचं तुमचं काम वाचताना मन जड होतं, पण ते कुणीतरी करायलाच हवं होतं. यूइंग सार्कोमाच्या (हाडांच्या एका कॅन्सरच्या) तीन उपचारपद्धतींची तुलना तुम्ही २००७ मध्ये छापलीत. सर्वांत तीव्र डोसच्या पद्धतीत पाच वर्षांत सुमारे ११ टक्के मुलांना अस्थिमज्जेचा दुसरा आजार किंवा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) होण्याचा धोका दिसला. इतर दोन पद्धतींत तो एक टक्क्याच्याही खाली होता. इटोपोसाइड या कॅन्सरच्या औषधानंतरचा ल्युकेमिया बहुधा एक ते तीन वर्षांत दिसतो, सायक्लोफॉस्फमाइडसारख्या औषधांनंतरचा पाच-सात वर्षांनी, आणि त्याआधी रक्तपेशी हळूहळू घटतात. म्हणून फिकटपणा, निळे डाग किंवा वारंवार ताप दिसला तर नुसती लोहाची गोळी सुरू करू नये, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून जुन्या हॉस्पिटलला दाखवावं. शिवाय तांबड्या पेशींच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० ते २५० मि.ग्रॅ. लोह शरीरात जातं आणि साठून राहतं. ज्यांना खूप वेळा रक्त चढवलंय त्यांचं फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) एकदा तपासून घ्यावं, पण ताप असताना नको, तेव्हा आकडा उगाच वाढलेला येतो.

आणि १९९६ चा तुमचा हॉजकिनवरचा (लसिकाग्रंथींच्या एका कॅन्सरवरचा) निबंध. छातीला किरणोत्सर्ग मिळालेल्या मुलींना मोठेपणी स्तनांच्या कॅन्सरचा धोका किती वाढतो, ते १,३८० मुलांच्या नोंदींतून तुम्ही मांडलंत. आज अशा मुलींची दरवर्षीची मॅमोग्राफी आणि एमआरआय वयाच्या २५ व्या वर्षी किंवा किरणोत्सर्गानंतर आठ वर्षांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हा सुरू करायला सांगतात. ऐरोलीच्या किंवा डोंबिवलीच्या पंचविशीतल्या मुलीला हे पटवणं सोपं नसतं, घरात लग्नाची बोलणी चालू असली तर आणखीच अवघड. तरी आम्ही सांगतो, कारण सांगायला हातात पुरावा आहे, आणि तो तुम्ही दिलात.

तुमचे, वेंडी लँडियर यांचे, तुमच्या सगळ्या सहकाऱ्यांचे आणि महिनोन् महिने ती झाकणं उघडणाऱ्या प्रत्येक घराचे मनःपूर्वक आभार.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईतले आम्ही सगळे