काशीदच्या सहलीत फणसाडही हवं

महोदय,

दिवाळीची सुट्टी संपली की नाशिकच्या शाळांच्या सहली निघतील. मुरूड-जंजिरा, काशीदचा किनारा आणि परत, हा अनेक शाळांचा ठरलेला मार्ग. माझी आठवीतली मुलगी गेल्या वर्षी तशीच जाऊन आली. किल्ला पाहिला, वाळूत खेळली. पण शेजारच्या डोंगरात फणसाड अभयारण्य आहे, हे तिला कुणी सांगितलंच नाही. याची मला फार हळहळ वाटली.

म्हणून जानेवारीत आम्ही घरचे मुद्दाम गेलो. नांदगावहून (आपलं नव्हे, मुरूड तालुक्यातलं) सुपेगावला गेलं की फणसाड. समुद्राच्या इतक्या जवळ एवढं दाट रान! जंजिऱ्याच्या नवाबांनी ते शिकारीसाठी राखलं होतं, म्हणून टिकलं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. जंजिरा दाखवणाऱ्या शिक्षकांनी एवढं तरी सांगायला हवं.

आत ऐन, किंजळ, अंजनी, जांभूळ. झाडांवरून झाडांवर गेलेली गारंबीची वेल पाहून मुलगी थांबलीच. तिची शेंग तीन-चार फूट लांब, आतली बी चपटी, टणक. ती बी ओढ्यातून वाहत समुद्राला मिळते आणि तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागते. जंगल आणि समुद्र यांचं नातं मुलांना समजावून सांगायला याहून सोपं काय असेल? डोंगरातल्या पाणवठ्यांना तिथे ‘गाण’ म्हणतात: फणसाडची गाण, चिखलगाण. उन्हाळ्यात जनावरं पाण्यासाठी तिथे येतात. शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, आम्हाला सकाळीच दिसला, उंच फांदीवर, शेपूट खाली सोडून बसलेला. पुस्तकातल्या चित्रात तो एवढा मोठा वाटत नाही.

‘जंगलात मुलं गप्प बसत नाहीत’ असं एका शिक्षकांनी मला सांगितलं. मला हे पटत नाही. याच वयाची मुलं नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात चापडगावच्या मनोऱ्यावर दुर्बिणीसाठी रांगेत शांत उभी राहिलेली मी पाहिली आहेत. एका वेळी वीस-पंचवीस मुलं, सोबत स्थानिक वाटाड्या, आणि वनविभागाची परवानगी आधीच काढलेली, एवढं केलं तरी पुरे. गाणी आणि स्पीकर मात्र बसमध्येच राहू द्यावेत, आणि खाऊची पाकिटंही.

काशीदला मुक्काम असेल तर उजाडताच निघावं, दुपारपर्यंत किनाऱ्यावर परत येता येतं. यंदाच्या सहलीत शाळांनी ही एक सकाळ फणसाडसाठी राखून ठेवावी, ही विनंती.

– एक पालक, इंदिरानगर, नाशिक