‘पृथकपणे’ या एका शब्दापायी : सहकारमंत्र्यांना खुले पत्र

मा. सहकारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट सांगते. गेल्या गुरुवारी तलाठ्यांकडून सातबारा काढला, तर इतर हक्कांच्या रकान्यात एका पतसंस्थेचा बोजा चढलेला. रक्कम 8,14,300 रुपये. त्या संस्थेतून मी आजवर एक रुपया उचललेला नाही. मी जामीनदार आहे.

2017 साली माझ्या सहशिक्षिकेच्या मुलाने पोल्ट्रीच्या शेडसाठी 6 लाख कर्ज घेतले. तीन जामीनदार हवे होते. फॉर्मवर ओळ होती : ‘कर्जदार व जामीनदार हे सदर कर्जाच्या परतफेडीस संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार राहतील.’ ती मी वाचली. डोळे मिटून सही करणाऱ्यांतली मी नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षे मराठी शिकवले आहे. पृथक म्हणजे वेगळा, पृथक्करण म्हणजे वेगवेगळे करणे, हे किती वर्गांना फळ्यावर लिहून दिले त्याची गणती नाही. मी अर्थ लावला, की आम्ही सगळे मिळून जबाबदार, आणि वेळ आलीच तर ज्याने त्याने आपापला वाटा भरायचा. म्हणजे माझ्या डोक्यावर फार तर 2 लाख. तेवढे पेन्शनमधून फेडता येतील, असा हिशेब करून सही केली.

कायद्यात या शब्दाचा अर्थ अगदी उलटा आहे. प्रत्येक जण एकटा, पूर्ण रकमेला, शेवटच्या पैशापर्यंत बांधलेला! वाटा वगैरे काही नाही. हे मला वसुली अधिकाऱ्याने सांगितले, तेही बोजा चढल्यावर. ‘‘बाई, ज्याच्याकडे सापडेल त्याच्याकडून आम्ही घेतो,’’ म्हणाला. एक जामीनदार वारले, दुसऱ्यांच्या नावावर काही नाही. सापडले ते माझे, सासऱ्यांनी ठेवलेले दीड एकर.

त्या मुलालाही मी लबाड म्हणणार नाही. फेब्रुवारी 2020 पर्यंत हप्ते वेळेवर होते. मग कोंबडीने कोरोना होतो ही अफवा पसरली, भाव कोसळले, पक्षी मातीमोल गेले, आणि पाठोपाठ टाळेबंदी. तो पुण्याला गेला तो गेलाच. उरलेल्या 4 लाख 20 हजारांवर व्याज, दंडव्याज आणि वसुली खर्च चढत राहिले.

मधे सहकारी संस्था कायद्याखाली एक नोटीस आली होती. ‘कलम 101 अन्वये’, ‘सामनेवाले क्र. 3’ म्हणजे मी, ‘वसुली दाखला’ म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा हुकूम. वर पहिले नाव कर्जदाराचे. मी त्याला फोन केला, तो म्हणाला, ‘‘काकू, मी बघतो.’’ मला वाटले, प्रकरण त्याचे आहे. मी सुनावणीला हजर राहून म्हणणे मांडायचे होते, नाहीतर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली माझ्याकडून होणार होती, हे त्या दोन पानांत साध्या शब्दांत कुठेच नव्हते. आता पुनरीक्षण अर्ज, म्हणजे तो दाखला पुन्हा तपासा असा अर्ज, करा म्हणतात. तो करायचा तर त्याच कायद्याच्या कलम 154 प्रमाणे आधी वसुलीच्या निम्मी रक्कम संस्थेत भरायची. म्हणजे 4,07,150 रुपये भरा, मग तुमचे ऐकू. एवढे पैसे असते तर मी कुणाच्या दारात उभी राहिले असते का?

आधी कर्जदाराची मालमत्ता विका, मग माझ्याकडे या, असेही म्हणता येत नाही. 1872 च्या करार कायद्याचे कलम 128 सांगते, की करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. सर्वोच्च न्यायालयाने 1968 सालीच निकाल दिला, की धनकोने, म्हणजे कर्ज देणाऱ्याने, आधी कर्जदाराकडेच गेले पाहिजे असे नाही. कायदा तसा असेल तर असो. माझे भांडण त्या सहीच्या क्षणाशी आहे. त्या टेबलावर कुणीतरी म्हणायला हवे होते, ‘‘बाई, त्याने बुडवले तर सगळे तुम्ही फेडायचे.’’ एवढेच एक वाक्य. त्याऐवजी कारकून म्हणाला, ‘‘फॉर्मालिटी आहे, इथे आणि इथे.’’

माझी सासू निरक्षर होती. तिला नजरगहाण (जमीन आपल्याच ताब्यात) आणि ताबेगहाण (जमीन सावकाराच्या ताब्यात) यांतला फरक कळत होता. व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये हा दामदुपटीचा नियम ती सावकाराला तोंडावर ऐकवायची. ते शब्द माणसांच्या व्यवहारातून आले होते. आजचे शब्द फाइलीतून येतात. 1964 चा राजभाषा अधिनियम झाला, परिभाषा कोशांचे खंड निघाले, 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली. तेव्हा शाळेत पेढे वाटले, मीही गेले होते, डोळ्यांत पाणी आले होते. आणि त्याच मराठीतला एक शब्द माझी जमीन घेऊन चालला आहे. इंग्रजी कागद असता तर मी कुणाला तरी विचारले असते. मराठी होता, म्हणून विचारले नाही. हा दोष माझा कसा, ते मला कुणीतरी समजावून सांगा.

रिझर्व्ह बँकेने 15 एप्रिल 2024 ला परिपत्रक काढले. बँका आणि वित्त कंपन्यांनी कर्जाची मुख्य माहिती कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहून द्यायची, समजावायची, समजल्याची सही घ्यायची. पतसंस्था मात्र आपल्या खात्याखाली. रिझर्व्ह बँकेला जे सुचले ते आपल्या खात्याला का सुचू नये? फॉर्म छापणारे, दाखला देणारे, जप्ती आणणारे, सगळे आपल्याच कायद्याने चालतात. सामान्य माणसाला शब्द कळला तर वसुली थांबेल, अशी कुणाला भीती आहे का?

माझी मागणी एका पानाची आहे. जामीनदारासाठी वेगळा कागद काढा. त्यावर रक्कम आकड्यात आणि अक्षरात, आणि मोठ्या टाइपात : ‘कर्जदाराने न फेडल्यास ही संपूर्ण रक्कम, व्याजासह, तुमच्या एकट्याकडून वसूल होऊ शकते.’ सहीआधी तो मोठ्याने वाचून दाखवा. कलम 101 च्या नोटिशीवर प्रत्येक जामीनदाराला, हजर न राहिल्यास काय होईल, ते पहिल्याच ओळीत लिहा.

येत्या मंगळवारी मला तालुक्याला सहायक निबंधकांच्या कार्यालयात जायचे आहे. तो जुना फॉर्म सोबत नेणार आहे. ‘पृथकपणे’खाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. त्याआधी आपल्याकडून दोन ओळींचे उत्तर आले तर तेही सोबत नेईन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
जिल्हा सांगली