चुंबकीय नकाशा वाचायला शिकवणाऱ्या सरांना जाहीर धन्यवाद

आदरणीय सर,

दक्षिण कोकण आणि गोव्याच्या लोहखनिज पट्ट्यातले आमचे चुंबकीय नकाशे (जागोजागी मोजलेल्या चुंबकीय क्षेत्राचे नकाशे) तुम्ही निवृत्तीनंतरही रेघ न् रेघ तपासून दिलेत. त्यावरच्या तुमच्या टिपा या कामात नव्याने येणाऱ्यांनाही मिळाव्यात, म्हणून आभार असे उघडपणे मानतो आहोत.

सगळ्यात मोलाची टीप नतिकोनाची, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षितिजापासून किती अंशांनी खाली झुकते त्याची. पाठ्यपुस्तकातली उदाहरणे बहुधा स्वीडन-कॅनडाची. तिथे पृथ्वीचे क्षेत्र जवळजवळ उभे खाली जाते, म्हणून मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाच्या डोक्यावरच धन विसंगती येते, म्हणजे क्षेत्र नेहमीपेक्षा जास्त भरते (कमी भरले तर ऋण). गोव्यात नती जेमतेम 20 अंशांच्या आसपास. अवशिष्ट चुंबकत्वाने (खडकात पूर्वीपासून टिकून राहिलेल्या चुंबकत्वाने) घोळ घातला नसेल, तर इथे खडकावर ऋण विसंगती दिसते, जराशी उत्तरेला सरकलेली. धन भाग दक्षिणेला. धन शिखर बघून बोअर मारला की तो बाजूच्या खडकात जाणार. विसंगती गणिताने ध्रुवावर नेऊन पाहावी (क्षेत्र तिथल्यासारखे उभे असते तर ती कशी दिसली असती ते काढावे), तर एवढ्या कमी नतीला नकाशावर उत्तर-दक्षिण खोटे पट्टे उमटतात. म्हणून अॅनॅलिटिक सिग्नलचा (विसंगती किती झपाट्याने बदलते ते दाखवणारा, नतीवर फारसा न अवलंबणारा) नकाशा शेजारी ठेवायचाच, हा तुमचा हट्ट योग्य होता.

दुसरी टीप खाणमालकांना सहसा आवडत नाही: सर्वात जोरदार विसंगती म्हणजे सर्वात चांगले खनिज नव्हे. ताज्या पट्टेदार लोहखडकात मॅग्नेटाइट असते. पावसापाण्याने त्यातली सिलिका धुऊन जाते आणि मॅग्नेटाइटचे हेमॅटाइट हे दुसरे लोहखनिज होते. लोहाचे प्रमाण वाढते, चुंबकत्व मात्र कित्येक पटींनी घटते. त्यामुळे विकण्याजोगा माल नकाशावर गप्प असतो. बोलतो तो त्याखालचा न कुजलेला खडक. विसंगतीवरून काढलेली खोली म्हणूनच बहुतेक वेळा खनिजाच्या तळाचा अंदाज देते, माथ्याचा नाही. माल घट्ट असेल तिथे गुरुत्व सर्वेक्षणाची (जड खडकामुळे गुरुत्वाकर्षणात पडणारा फरक मोजण्याची) जोड द्या, असे तुम्ही समासात लिहिलेत. भुसभुशीत, सच्छिद्र मालाला तेही फारसे उपयोगी नाही.

फील्डवरच्या मोजणीची शिस्तही तुमचीच. लोहखडकाचे पट्टे वायव्य-आग्नेय, म्हणून मोजणीच्या लाइनी त्यांना आडव्या, ईशान्य-नैर्ऋत्य. दोन लाइनींत 50 मीटर, रीडिंग दर 10 मीटरला. पट्ट्याचे बक्कल, किल्ल्या, मोबाइल, लोखंडी टोकाचे बूट बाहेर. प्रत्येक ठिकाणी दोन रीडिंग. मॅग्नेटाइट उघडे असेल तिथे क्षेत्र हातभर अंतरात इतके बदलते की प्रोटॉन मॅग्नेटोमीटरचा (क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राचा) सिग्नल क्षणात विरतो आणि आकडे जुळत नाहीत. मग सेन्सर काठीवर आणखी उंच. जांभ्यावरही हाच उपाय, कारण त्यातले मॅगहेमाइट या चुंबकीय लोहखनिजाचे खडे रीडिंगमध्ये बारीक खडखडाट करतात.

बेस स्टेशनचे (एका जागी ठेवून दिवसभर क्षेत्र नोंदवणाऱ्या यंत्राचे) घड्याळ फिरत्या यंत्राशी रोज सकाळी जुळवायचे. हजारो नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक) विसंगतीपुढे दिवसभरातला काही दहांचा चढउतार किरकोळ. पण हेमॅटाइटच्या सौम्य कडा त्यातच बुडतात. बेस वीजतारांपासून दूर हवा, हे सांगताना तुम्ही कुलाब्याची आठवण द्यायचात: मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथली चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवावी लागली.

तुमच्या टिपांच्या प्रती आता प्रत्येक गटाच्या फील्डबुकात लावल्या आहेत. पुढच्या नकाशांचा गठ्ठा पावसाळ्यानंतर पाठवतो. लाल पेन तयार ठेवा.

आपले कृतज्ञ,
सर्वेक्षण गटातील सर्वजण